तोच गुरुवार

श्रेणिक मगदूम झोपेतून उठून बाहेरच्या खोलीत आला की त्याची मोठी बहीण पद्मजा त्याला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायची, हातात पाण्याचा पेला द्यायची आणि सांगायला लागायची.

"श्रेणिक, तुझ्या डोक्याला मार लागलाय. गाडीचा अपघात झाला होता. आता तू बरा आहेस, पण झोपलास की दिवसभराचं सगळं विसरतोस. त्यावर उपचार चालू आहेत. तुझ्या डोक्यात एक यंत्र बसवलंय. ते एक दिवस लक्षात ठेवायला शिकतंय. म्हणून आपण रोज तोच दिवस जगतोय. गुरुवार."

श्रेणिक डोक्यावरून हात फिरवायचा. बोटांना टाक्यांची रेघ लागायची. क्षणभर तो भांबावायचा, आणि मग चोवीस वर्षांचा तो पोरगा चक्क हसायचा.

"म्हणजे टाइम लूप! ताई, मी खरंच लूपमध्ये आहे?"

"हो."

"आणि लक्षात फक्त तुझ्या राहतं? मग हिरो तू झालीस की. मी नुसता बाजूचा."

पद्मजाही हसायची. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ती मनापासून हसली होती. पुढं ते हसणं दिवसाचा भाग झालं. ठरल्या जागी, ठरल्याइतकं.

मग तो विचारायचा, "आई कुठंय?"

"धारवाडला. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. येईल रविवारी."

आईला जाऊन तेव्हा सहा महिने होत आले होते.

जयसिंगपूरला नात्यातलं लग्न आटोपून आई आणि श्रेणिक मिरजेला परत येत होते. गाडी श्रेणिक चालवत होता. वळणावर चुकीच्या बाजूनं ट्रक आला. २०४१ साल होतं, निम्म्या मोटारी स्वतःच्या स्वतः धावत होत्या, पण ट्रक अजून माणसंच हाकत आणि माणसांना डुलकी लागे. आई जागच्या जागी गेली. श्रेणिक बऱ्याच दिवसांनी शुद्धीवर आला. त्यानं वडिलांना, म्हणजे अप्पांना ओळखलं, ताईला ओळखलं, शाळेतल्या मास्तरांची नक्कलसुद्धा करून दाखवली. पण लग्नाच्या आधीच्या काही दिवसांपासून पुढचं सगळं पुसलं गेलं होतं, आणि नवं काहीच टिकत नव्हतं. दुपारी भेटून गेलेला मित्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या लेखी आलेलाच नसे.

डॉ. नझिमा जमादार या मेंदूच्या डॉक्टर. त्यांनी पद्मजाला आणि अप्पांना समोर बसवून नीट समजावलं होतं.

"मेंदूत दोन्ही बाजूंना एकेक छोटा अवयव असतो. हिप्पोकॅम्पस. आकार समुद्रघोड्यासारखा. दिवसभरात जे घडतं ते आधी तिथं साठतं. मग आपण झोपलो की तो अवयव दिवसभराचं सगळं पुन्हा पुन्हा उगाळतो आणि मेंदूच्या वरच्या थरात कायमचं पोचवतो. श्रेणिकचे दोन्ही जायबंदी झालेत. दिवस त्याच्यात शिरतो, पण झोपेतून पलीकडं पोचत नाही."

"मग यंत्र काय करणार?" अप्पांनी विचारलं होतं. हळदीच्या पेढीवर जन्म गेलेला माणूस. त्यांना कुठलीही गोष्ट हातात घेऊन पाहिल्याशिवाय पटत नसे.

"यंत्र पूल बांधणार. केसापेक्षा बारीक तारा त्या अवयवात आहेत. त्या दिवसा ऐकतात आणि झोपेत तेच वरच्या थराला पुन्हा ऐकवतात. अडचण एकच. यंत्राला तुमच्या मुलाच्या मेंदूची लिपी येत नाही. लाखो पेशी एकदम बोलतात, त्यातलं महत्त्वाचं कुठलं आणि गोंगाट कुठला हे त्याला कळत नाही. तेच तेच पुन्हा झालं तरच कळतं. म्हणून सुरुवातीला एक दिवस निवडायचा. तीच माणसं, तीच वाक्यं, तेच जेवण, तोच उजेड. तो दिवस पक्का बसला की लिपी सापडली. मग बाकीचे दिवस आपोआप लिहिता येतील. आम्ही त्याला मूळ दिवस म्हणतो."

मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या होत्या, "मूळ दिवसात जे असेल ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात पक्कं होईल. नंतर ते उपटता येणार नाही. तेव्हा आईंचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा."

अप्पांनी ठरवलं. आई धारवाडला.

दिवस चालवायला रोज तोच आवाज हवा होता. अप्पांना वाक्यं पाठ राहत नव्हती, मध्येच ते उठून आत जायचे. म्हणून पद्मजा बेळगावचं घर, नवरा सुदर्शन आणि सहा वर्षांची आर्वी यांना मागं ठेवून मिरजेला आली. थोड्याच दिवसांचं काम असं तेव्हा सगळेच म्हणत होते.

फ्लॅटच्या खिडक्यांना जाड पडदे लागले. उजेड दिव्यांचा, हवा यंत्राची. बाहेर थंडी पडली, ऊन तापलं, पण आत मार्गशीर्षातला एक गुरुवार चालू राहिला. पोहे, त्यावर ओलं खोबरं. अप्पांचा ठरलेला प्रश्न, "कसं वाटतंय रे?" जेवायला वांग्याची भाजी. आणि दुपारी भिंतीवरच्या पडद्यावर जपानी ॲनिमेची एक मालिका, तिचा एकच भाग.

ही कल्पना डॉक्टरांचीच. कुतूहल जागं असलं की आठवण चांगली रुजते, त्याला वेड कशाचं आहे, असं त्यांनी विचारलं होतं. वेड एकाच गोष्टीचं होतं. कॉलेजात असल्यापासून श्रेणिक टाइम लूपची रहस्यं बघत बसायचा. एकच दिवस पुन्हा पुन्हा येतो, कुणीतरी मरतं, आणि ज्याच्या लक्षात राहतं त्या एकट्यानं ते मरण का येतं हे शोधून काढायचं. मालिकांतली पात्रं आता आपोआप मराठीत बोलत, पण त्याला मूळ जपानीच आवाज लागे, खाली मराठी अक्षरं. निवडलेली मालिका त्यानं पाहिलेली नव्हती. डोंगरातलं एक गाव, तिथं दिव्यांचा सण, आणि सणाच्या संध्याकाळी रोपवेचा डबा दरीत कोसळतो. मिओ नावाची शाळकरी मुलगी दर वेळी त्याच सकाळी जागी होते.

"तुला यात एवढं काय आवडतं रे?" हा प्रश्न पद्मजा भाग सुरू व्हायच्या आधी विचारी. तोही दिवसाचा भागच होता.

"ताई, लोकांना वाटतं गुन्हेगार कोण ते शोधायची मजा असते. तसं नसतं. एकाच दिवसात किती काय दडलेलं असतं ते कळतं. मिओला स्टेशनवरचा चहावाला रोज दिसतो. रोज हसतो. आणि खूप वेळा तोच दिवस बघितल्यावर तिच्या लक्षात येतं, की तो हसायच्या आधी डोळे पुसतोय. आपल्याला एकदाच दिवस मिळतो ना, म्हणून आपल्याला काही दिसतच नाही."

हे बोलताना त्याचे डोळे असे चमकत की पद्मजाला तेवढा एक क्षण रोज हवाहवासा वाटे.

भागात एक पोस्टातली बाई होती. रोपवेच्या खोलीची किल्ली आपण पाहिलीच नाही असं ती सांगते, आणि सांगताना चष्मा पुसते. श्रेणिक नेमका तिथं म्हणायचा, "खोटं बोलतेय ही." दर वेळी तिथंच. आणि एका दुपारी, बाई अजून पडद्यावर आलीसुद्धा नव्हती तेव्हा, त्यानं वांग्याची फोड तोंडात टाकली आणि म्हटलं, "आता एक बाई येईल. चष्मा पुसेल."

पद्मजाच्या हातातला चमचा ताटात पडला. डॉ. जमादारांचा फोन लगेच आला. त्या यंत्राकडून येणारी नोंद बघत होत्या. "पकड बसतेय, पद्मजा. पूल लागला!" त्या लहान मुलीसारख्या ओरडत होत्या. अप्पा देवघरासमोर जाऊन कितीतरी वेळ हात जोडून उभे राहिले.

आनंद फार टिकला नाही. ज्या वाटेनं चष्म्यावाली बाई आली होती त्याच वाटेनं दुसरंही काही येत होतं. काही दिवसांनी भाग संपल्यावर श्रेणिक पडद्याकडं न बघता बहिणीकडं बघत राहिला.

"ताई, लूपमध्ये सापडल्यावर आधी काय शोधायचं, माहितीये?"

हे वाक्य दिवसात नव्हतं. "काय?" तिनं विचारलं.

"रोज जे घडतं ते नाही. घडायला हवं आणि घडत नाही, ते." तो हळूहळू, एकेक शब्द चाचपत बोलत होता. "माझं डोकं फुटलंय. आणि आई मावशीच्या गुडघ्यासाठी धारवाडला बसलीये? आपली आई?"

अप्पांनी हातातली वाटी खाली ठेवली आणि ते उठून आत गेले.

"मला साधी सर्दी झाली तर ती शेजारच्या गल्लीत जात नाही. सकाळपासून तिचा एक फोन नाही. आणि ताई, तू तिचं नाव घेतेस तेव्हा माझ्याकडं बघत नाहीस." त्यानं खुर्ची तिच्याकडं वळवली. "आई गेली ना?"

पद्मजानं मान हलवली.

तो ओरडला नाही. खुर्चीतून खाली सरकला आणि जमिनीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. औषधानं झोप लागेपर्यंत तो तसाच होता. झोपेतही त्याचे खांदे हलत होते.

सकाळी तो बाहेर आला. पेला हातात घेतला. टाक्यांवरून हात फिरवला आणि हसला. "म्हणजे टाइम लूप!"

श्रेणिकच्या मालिकांमध्ये सत्य सापडलं की वर्तुळ तुटतं. पद्मजानं त्याच्याबरोबर बसून एवढे भाग पाहिले होते, त्यातल्या एकातही सत्य सापडल्यावर ते पुन्हा हरवून सकाळ होत नव्हती.

पुढं तो रोजच शोधू लागला. कधी जेवताना, कधी पोहे खातानाच. पद्मजा कधी कबूल करे, कधी धारवाडचंच टुमणं लावून धरे, कधी अप्पा मध्ये पडून विषय बदलत. एका दिवशी तो कपाटं उघडत फिरला. आईचा फोटो पद्मजानं शेजारच्या कुलकर्णी बाईंकडं ठेवला होता, म्हणून सापडला नाही. पण आईच्या साड्यांवर बसलेली धूळ त्यानं बोटानं उचलली आणि बहिणीपुढं धरली.

डॉ. जमादार घरी आल्या. श्रेणिक झोपला होता. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

"उत्तर त्याच्या डोक्यात बसत नाहीये, कारण तुमचं उत्तर रोज वेगळं असतं. शंका मात्र रोज तीच आहे, त्यामुळं ती बसतेय. असंच चालू राहिलं तर त्याच्या मूळ दिवसात फक्त शंका राहील. उद्या तो बरा होईल, नोकरी करेल, लग्न करेल, पण रोज सकाळी उठल्यावर आधी आई कुठंय ते शोधत फिरेल. मरेपर्यंत."

"मग धारवाडच पक्कं करू," अप्पा म्हणाले. "मी नीट पाठ करतो. मी चुकणार नाही आता."

"ते त्याला पटत नाही, मगदूमसाहेब. तुमचा मुलगा हुशार आहे."

"दुसरा उपाय?" पद्मजानं विचारलं.

"खरं सांगायचं. रोज. सकाळी, एकाच जागी, एकाच शब्दांत. पहिल्यापासून सुरुवात करून."

अप्पा ताडकन उठले. "म्हणजे रोज सकाळी त्याच्यासमोर त्याची आई मारायची? माझ्या घरात? माझ्या डोळ्यांदेखत?"

ते पद्मजाकडं वळले.

"पद्मा, हे तू करणार असशील तर मी इथं थांबणार नाही."

"अप्पा, त्याला अर्धवट ठेवायचं का मग?"

"राहू दे अर्धवट! निदान सकाळी हसतो तरी."

दुसऱ्या दिवशी अप्पा नांदणीला भावाकडं निघून गेले. जाताना त्यांनी श्रेणिकच्या खोलीचं दार उघडून बघितलं, आत मात्र गेले नाहीत. पद्मजाला त्यांचा राग आला नाही. तिला त्यांचा हेवा वाटला.

नवा गुरुवार तिनं एकटीनं सुरू केला. पाणी दिलं. अपघात सांगितला. त्याचं टाइम लूपचं हसू येऊन जाऊ दिलं, कारण ते आता आपोआपच यायचं आणि थांबवता येत नव्हतं. मग ती समोर बसली.

"श्रेणिक, आई आता नाहीये. जयसिंगपूरहून येताना अपघात झाला, त्यात ती गेली. तिला त्रास झाला नाही."

हसू चेहऱ्यावरून जायला वेळ लागे. ते जाताना बघणं सगळ्यात अवघड होतं.

"गाडी कोण चालवत होतं?" तो विचारी. दर वेळी हाच प्रश्न.

"तू. चूक ट्रकची होती."

मग तो रडे. पद्मजा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसे. मग पोहे. आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख नुकतंच कळलेल्या माणसाला तेच पोहे खायला लावायचे. मग अप्पांच्या जागी रिकामी खुर्ची, मग वांग्याची भाजी, मग मिओ आणि तिचा रोपवे. तो सुजलेल्या डोळ्यांनी पडद्याकडं बघे, आणि चष्मा पुसणाऱ्या बाईपाशी पुटपुटे, "खोटं बोलतेय ही."

सुरुवातीला पद्मजाचा आवाज कापायचा. मग कापेनासा झाला. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, "नाहीये" म्हणताना नजर कुठं ठेवायची हे सगळं बसत गेलं. एका सकाळी तो रोजच्यापेक्षा जास्त वेळ रडत होता, आणि त्याच्या पाठीवर हात फिरवता फिरवता तिच्या मनात आलं की पोहे गार होतायत, आवर बाबा आता. विचार येऊन गेल्यावर तिला स्वतःची किळस आली. ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि रडायची वाट बघत उभी राहिली. रडू आलं नाही. आई गेली त्या दिवसापासून आलं नव्हतं. आधी इस्पितळ, मग श्रेणिकची शस्त्रक्रिया, मग गुरुवार.

"ताई, तू रडलीस का?" एकदा श्रेणिकनं विचारलं होतं.

त्यालाही ठरलेलं उत्तर होतं. "हो. खूप."

श्रेणिक औषधानं लवकर झोपे, मग ती बेळगावला फोन लावी. पडद्यावर आर्वी दर वेळी थोडी मोठी झालेली दिसे. समोरचे दात पडून नवे आले होते. एका संध्याकाळी ती उड्या मारत म्हणाली, "आई, मला पोहता येतं आता! हात सोडून!"

"बरं," पद्मजा रोज सकाळच्या त्याच आवाजात म्हणाली. "आता पाणी पी."

आर्वीच्या उड्या थांबल्या. सुदर्शननं तिला आत पाठवलं आणि तो पडद्यासमोर आला. शांत माणूस होता तो. इतके महिने त्यानं एक शब्द काढला नव्हता.

"पद्मा, तू इथं फोन करतेस, तेव्हाही तिथंच असतेस."

"थोडंच राहिलंय, सुदर्शन."

"हे तू कुणाला सांगतेयस? मला, की रोजच्यासारखं म्हणतेयस?"

तिला खरंच कळलं नाही. तिनं फोन ठेवून दिला.

मग ती सकाळ आली. बाहेर गणपतीचे ढोल वाजत होते, जाड पडद्यांतूनही त्यांचा दणका येत होता आणि त्यामुळं दिवस बिघडेल म्हणून पद्मजा धास्तावली होती. श्रेणिक बाहेर आला. तिनं पेला पुढं केला. त्यानं तो घेतला नाही. खुर्चीतही बसला नाही. टाक्यांवरून हात फिरवला, पण हसला नाही.

"श्रेणिक, तुझ्या डोक्याला..."

"माहितीये," तो म्हणाला.

तिनं पेला खाली ठेवला. तोच पुढं बोलू लागला.

"आई आता नाहीये. जयसिंगपूरहून येताना अपघात झाला, त्यात ती गेली. तिला त्रास झाला नाही. गाडी मी चालवत होतो. चूक ट्रकची होती."

शब्द तिचेच होते. लयही तिचीच. ती जिथं श्वास घ्यायची तिथं त्यानं श्वास घेतला. "नाहीये" म्हणताना तिच्यासारखंच खिडकीच्या कडेकडं बघितलं. आपलं बोलणं कसं ऐकू येतं ते पद्मजाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्याच्या तोंडून ती बातमी जणू तिला आत्ताच मिळाली. ती जमिनीवर बसली आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की खाली ढोलवाल्यांपैकी कुणीतरी वर बघितलं असेल. श्रेणिक तिच्याकडं बघत उभा होता. हात पुढं करावा असं त्याला वाटत असावं, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो एकेक पाऊल मागं सरकत होता.

पडदे निघाले. गुरुवार संपून शुक्रवार आला आणि तो शनिवारीही श्रेणिकच्या लक्षात राहिला. यंत्राला लिपी सापडली होती. डॉ. जमादारांकडं देशोदेशीच्या डॉक्टरांचे फोन येऊ लागले. श्रेणिक जिना उतरून खाली गेला, परत आला आणि खाली कोण भेटलं ते सांगितलं. सांगताना मध्येच अडखळे, पण सांगे. अप्पा नांदणीहून परतले. श्रेणिकनं त्यांना मिठी मारली आणि दोघं कितीतरी वेळ तसेच उभे होते.

पद्मजा मात्र खोलीत आली की काहीतरी व्हायचं. तिनं नुसतं "श्रेणिक" म्हटलं तरी त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरून जाई, डोळे भरत, छाती धपापू लागे. तो स्वतःच गोंधळून जाई. "ताई, काही नाही गं, काही नाही," असं म्हणत राही आणि रडत राही. एकदा ती स्वयंपाकघरातून अप्पांना भाजीत मीठ किती घालू एवढंच विचारत होती, आणि बाहेर त्याच्या हातातली बशी फुटली.

डॉ. जमादारांनी तिला दवाखान्यात बोलावून घेतलं. या वेळी त्या समोर बसल्या नाहीत. शेजारी बसल्या.

"मेंदूला दोन गोष्टी एकदम मिळाल्या की तो त्या एकत्र बांधतो. एवढ्या वेळा, तेच शब्द, तोच आवाज. तुमचा आवाज आणि ती बातमी या त्याच्यासाठी आता दोन गोष्टी राहिलेल्या नाहीत. आईंचं जाणं त्याला आठवतं ते अपघात म्हणून नाही. तुमचा आवाज म्हणून."

"सुटेल ते?"

"माहीत नाही. असा रुग्ण याआधी झालेला नाही." त्यांनी तिचा हात धरला. "मी तेव्हा सांगितलं होतं, मूळ दिवस उपटता येत नाही. पण हे असं होईल हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मला माफ करा, पद्मजा. सध्या तुम्ही त्याच्यापासून लांब राहिलात तर बरं. नवे दिवस शांतपणे बसू देत."

जे निघून गेले होते त्या अप्पांचा आवाज त्याला चालत होता. जी थांबली होती तिला जायचं होतं. पद्मजानं बॅग भरली. श्रेणिक आतल्या खोलीत होता. निरोप घ्यायला बोलावं लागलं असतं, म्हणून ती तशीच निघाली. अप्पा रिक्षापर्यंत आले. तिच्या डोक्यावर हात ठेवून मग त्यांनी बॅग आत ठेवली. रिक्षाला ड्रायव्हर नव्हता. ती आपली आपण वळली आणि स्टेशनच्या दिशेनं निघाली.

बेळगावात आर्वी पहिले काही दिवस दारामागून बघायची. पद्मजाला दिवस पुढं सरकतायत हे अंगवळणी पडायला वेळ लागला. काल काय केलं हे कुणी विचारलं तर ती गडबडून जाई, कारण काल आणि आज वेगळे असतात हे तिचं तिला समजवावं लागे. आर्वी शाळेत गेली की ती आईसाठी रडे, उशिरा आलेलं ते रडू सावकाश, रोज थोडं थोडं. एका दुपारी तिनं ती रोपवेची मालिका शोधून काढली. इतके महिने एकच भाग पाहिला होता, तो सोडून बाकीचे सगळे पाहिले. शेवटी मिओ सगळ्यांना वाचवते. नवी सकाळ होते, गावातले लोक रोपवेखाली जमून हसतात, चहावालाही मनापासून हसतो. कुणाला काही आठवत नाही. आणि ते सगळे दिवस मिओनं कुठं ठेवले हे तिला कुणी विचारत नाही. श्रेणिकला हा शेवट आवडला असता, पद्मजाला वाटलं. तिला स्वतःलाही तो आवडला, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. तिनं पडदा बंद केला आणि कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

थंडीत एके दुपारी अप्पांच्या नंबरावरून फोन आला. तिनं उचलला आणि ती "बोला अप्पा" म्हणणार, एवढ्यात पलीकडून घाईघाईनं आवाज आला.

"ताई, बोलू नकोस! मी आहे. श्रेणिक. काही बोलू नकोस, नुसतं ऐक."

तिनं तोंडावर हात दाबला.

"डॉक्टरांना विचारलं मी. म्हटलं, तिचा आवाज चालत नाही, पण माझा आवाज तिला चालेल ना? त्या हसल्या. म्हणाल्या, हे मला सुचलं नव्हतं." त्याचा श्वास ऐकू येत होता. "तुझा फोटो बघतो मी. फोटोला काही होत नाही. तुझा आवाज नुसता आठवला तरी अजून होतं. पण होईल कमी. ताई, तू ऐकतेयस ना? असशील तर फोनवर बोट वाजव."

पद्मजानं फोनच्या काचेवर नखानं दोनदा वाजवलं.

"हां. मग आता मी सांगतो आज काय काय झालं. सकाळी एकटाच मंडईत गेलो. अप्पा नको म्हणत होते, पण गेलो. लक्ष्मी मार्केटपर्यंत बरोबर पोचलो, मग मिरच्या घेतल्या, पुढं गेलो, आणि परत मिरच्या घेतल्या. घेतल्यात हे विसरलोच होतो गं. घरी अप्पांनी दोन पिशव्या बघितल्या आणि दोन्ही एकाच टोपलीत ओतल्या. पण ताई, मी विसरलो, हे माझ्या लक्षात आहे. कळलं का तुला, काय म्हणतोय मी?"

तिनं नखानं वाजवलं. गालांवरून ओघळणारं पाणी फोनवर पडत होतं, ते ती पदरानं टिपत होती आणि आवाज होऊ नये म्हणून श्वाससुद्धा तोंडानं घेत होती.

"बरं," श्रेणिक म्हणाला. "मग येताना काय झालं ते ऐक."